शिक्षणाचा परतावा (मराठवाडा)

शिक्षणाचा परतावा म्हणजे शाळा-महाविद्यालयात गेलेल्या वर्षांचे माणसाच्या पुढच्या कमाईत, कौशल्यात आणि आरोग्यात दिसणारे फळ. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६०च्या दशकात शिक्षणाकडे ‘मानवी भांडवल’ म्हणून पाहायला शिकवले. जगभरच्या अभ्यासांचा ढोबळ निष्कर्ष असा, की शाळेचे एक वर्ष वाढले की कमाई सरासरी नऊ-दहा टक्क्यांनी वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू मांडली : पदवीने माणूस अधिक कुशल होतोच असे नाही, पुष्कळदा ती त्याच्या कुवतीची खूण म्हणून चालते. मराठवाड्यात मात्र या वादाआधीचा प्रश्न उभा राहतो. ते वर्ष मुलाच्या वाट्याला पूर्ण येते का?

या प्रदेशाची सुरुवातच उशिरा झाली. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि घरात मराठी. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची शाळा यांनी मराठी मुलांसाठी वाट काढली. दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले आणि चित्र पालटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. ज्या घरांत आधी कोणी पाटीही धरली नव्हती, त्या घरांतली मुले नागसेनवनात, म्हणजे या महाविद्यालयाच्या परिसरात, शिकून शिक्षक, वकील, अधिकारी झाली. एका पिढीत मजुरीकडून पगाराकडे गेलेली ही घरे परताव्याचा सर्वांत ठळक पुरावा आहेत.

तरीही २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर असताना जालना जिल्हा ७२ टक्क्यांच्याही आत होता आणि तिथल्या स्त्रियांची साक्षरता जेमतेम ६१ टक्के होती.

याचे एक मोठे कारण ऊसतोडीत आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर तोडणीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे मूल बरोबर गेले तर वर्षाचा मोठा हिस्सा हातून जातो. पटावर नाव राहते, पण वाचन मागे पडते. मोठी मुलगी कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, तिची शाळा सहसा आधी सुटते. मग हिशेबाची वही मुकादमाच्या हाती आणि आकडा त्याच्या तोंडी. किती टन तोडले, उचल किती फिटली हे स्वतः वाचता येणे, हाही शिक्षणाचा परतावाच. पगाराच्या आकडेवारीत तो येत नाही, एवढेच.

शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न लवकर होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते, बीडमध्ये ४४ च्या आसपास आणि परभणीत ४८. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, अशक्त आई, कमी वजनाचे बाळ अशी ही साखळी आहे. आई शिकलेली असली की बालमृत्यू घटतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

पण सगळे ओझे शिक्षणावर टाकणे अन्यायाचे ठरेल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर शौचालय नाही, एक दिवस खाडा झाला तर दंड, आणि दुखण्यावर थेट शस्त्रक्रियेचा सल्ला. अशा ठिकाणी सातवी झालेली बाईही किती प्रश्न विचारू शकेल?

लातूरचे चित्र याच्या अगदी उलट. सराव परीक्षांवर उभा असलेला ‘लातूर पॅटर्न’ दूरदूरच्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशापर्यंत पोचवतो. परंतु त्याचा लाभ दहावीपर्यंत नीट पोचलेल्यांनाच, आणि खोलीभाडे व क्लासची फी भरू शकणाऱ्यांनाच. गळती त्याच्या पुष्कळ आधी झालेली असते.

म्हणून या प्रदेशात लहान उपायांचे मोल मोठे. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास मुलीला गावाबाहेरच्या हायस्कुलापर्यंत नेतो. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत आईबाप फडावर असताना मूल गावातच आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा करते. मात्र ही सोय कोयते निघण्याआधी सुरू व्हावी लागते. ट्रक हलल्यानंतर आलेल्या मंजुरीचा त्या मुलाला उपयोग नसतो.