विरघळणारा गाभा काढताना

‘प्रिंट करा, कार्बन फायबर गुंडाळा, पाण्यात टाका, झालं!’ असं पोकळ भागांबद्दल सांगणारे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. तासन् तास चालणारं काम त्यात दहा सेकंदांत उरकतं.

फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेतल्या पेट्रोल गाडीचा हवेचा मार्ग घ्या. नियमानुसार इंजिनाची सगळी हवा २० मिमीच्या गळ्यातून जाते. पुढे फुगीर पेटी आणि तिच्यातून वळत जाणारे नळ. हे अखंड घडवायचं तर आतला गाभा ओढून निघत नाही, म्हणून तो थ्रीडी प्रिंटरवर विरघळणाऱ्या प्लास्टिकचा छापतात.

त्यातलं पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) साध्या पाण्यात विरघळतं, पण ७५–८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. हवेतली ओल शोषली असेल तर त्याआधीच. कार्बनचे थर दाबायला हवा काढून घेतलेल्या पिशवीत, म्हणजे व्हॅक्यूम बॅगेत, दर १०० चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० किलोचा भार येतो. मऊ गाभा चेपलाच म्हणून समजा. त्यामुळे पीव्हीएवर खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं इपॉक्सी (कार्बनचे धागे बांधून ठेवणारं रेझिन) लावावं आणि भट्टीतला शेक गाभा काढल्यावर द्यावा.

जास्त उष्णता लागणार असेल तर साखळीत मेथाक्रिलिक आम्ल गुंफलेली प्लास्टिकं वापरतात, आणि खरी गंमत इथे आहे. साध्या पाण्यात त्यांचे आम्लगट आपापला हायड्रोजन धरून बसतात, साखळ्या एकमेकींना सोडत नाहीत. कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण तो हायड्रोजन काढून घेतं. गटांवर ऋण प्रभार येतो, साखळ्या एकमेकींना ढकलू लागतात, सोडियम आयनांमागोमाग पाणी आत शिरतं. प्लास्टिक फुगतं, जेल होतं आणि शेवटी द्रावणात सुटतं. अडचण जेलचीच: पुढच्या थरापर्यंत हायड्रॉक्साइडला त्यातूनच झिरपत जावं लागतं. असं झिरपणं जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ खातं. भिंत दुप्पट जाड, तर वेळ साधारण चौपट. म्हणून भिंत दीड-दोन मिमी ठेवतात आणि आत जायरॉइड नावाची वळणदार जाळी देतात. तिचे मार्ग सलग असतात, बंद कप्पे राहत नाहीत. द्रावण ६०–७० अंशांवर ठेवून पंपाने खालच्या तोंडातून आत आणि वरच्यातून बाहेर फिरवावं. उलट केलं तर वरच्या वळणात हवा अडकते आणि तिथला गाभा कोरडाच राहतो.

हीच अभिक्रिया उलटीही फिरते. धुताना घाईने व्हिनेगर ओतलं की हायड्रोजन परत मिळतो आणि प्लास्टिक आतल्या भिंतीवर पांढऱ्या पापुद्र्यासारखं बसतं. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही साखळ्यांना बांधून टाकतं. आधी मऊ पाण्यात केलेल्या ताज्या सौम्य अल्कलीने, मग नुसत्या मऊ पाण्याने धुवावं, आम्ल त्यानंतर. शेवटी पुन्हा पाणी, पीएच ७ येईपर्यंत.

अमाइन प्रकारच्या हार्डनरने घट्ट केलेलं इपॉक्सी हे सगळं बऱ्यापैकी सोसतं. अनहायड्राइडने घट्ट केलेल्यात मात्र एस्टर बंध असतात आणि ते गरम अल्कलीत तुटतात. ॲल्युमिनियमचे इन्सर्ट (भागात बसवलेले धातूचे तुकडे) तर नकोतच: कॉस्टिक त्यांना खातो, हायड्रोजन वायू सुटतो. स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियम चालतं. गॉगल आणि हातमोजे हवेतच.

गाभ्याला सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) न लावता रेझिन लावलं तर ते छपाईच्या रेषांमध्ये मुरतं. मग आत न विरघळणारी साल उरते, आणि तिचा तुकडा निघाला तर थेट इंजिनात जातो.

‘विरघळणारं म्हणजे पर्यावरणस्नेही’ ही जाहिरात आहे. प्लास्टिक कुठेही गेलेलं नसतं, बादलीतच असतं. वापरलेल्या द्रावणात हळूहळू आम्ल घातलं की त्यातलं बरंचसं साका होऊन बाहेर पडतं. तो गाळून वेगळा काढावा.

गाभा पूर्ण निघाला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. सील केलेल्या गाभ्याचं आणि नंतर गाभ्यासकट भागाचं वजन आधीच लिहून ठेवावं. भाग धुऊन ५०–६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. भागाच्या वजनातली घट गाभ्याच्या वजनापेक्षा कमी भरली, तर पंप पुन्हा सुरू करावा.