लघवी धरून ठेवतं कोण?

ओटीपोटाची सोनोग्राफी करायला गेलेल्या बाईला सेंटरवर पहिली सूचना मिळते ती पाणी पिण्याची, आणि दुसरी लघवी धरून ठेवण्याची. यामागचं कारण शरीररचनेत आहे. मूत्राशय गर्भाशयाच्या अगदी पुढ्यात असतो. तो भरला की वर सरकतो आणि आतड्याची वेटोळी बाजूला ढकलतो. आतड्यातली हवा ध्वनिलहरींना अडवते, लघवीतून मात्र त्या सहज पार होतात. म्हणून मूत्राशय भरलेला असला की त्यामागचा गर्भाशय पडद्यावर स्पष्ट दिसतो.

रिकामा असताना हाच मूत्राशय ओटीपोटाच्या खालच्या टोकाला हाताला लागणाऱ्या हाडामागे, म्हणजे जघनास्थीमागे, दडलेला असतो. पुरुषांमध्ये त्याच्या खाली प्रोस्टेट ही ग्रंथी आणि मागे गुदाशय असतो. बायकांमध्ये मागे योनी असते आणि त्याच्यावर गर्भाशय टेकलेला असतो. लहान मुलांचा मूत्राशय बराच वर, पोटात असतो. मूल वाढतं तसा तो खाली उतरतो.

या अवयवाचं काम काय, असं विचारलं तर बहुतेकजण ‘लघवी बाहेर टाकणं’ म्हणतील. पण दिवसभरात लघवीला लागणारा वेळ मिनिटांत मोजण्याइतका असतो. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र मूत्राशय साठवत असतो, आणि त्याची रचना मुख्यतः त्यासाठीच आहे. साठवताना दाब वाढू द्यायचा नाही, ही त्यातली खरी कसरत.

सुश्रुतसंहितेत मूत्राशय कसा भरतो याचं एक सुंदर वर्णन आहे. नवा मातीचा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला की तो चहूबाजूंनी झिरपून भरतो, तसाच बस्ती, म्हणजे मूत्राशय, मूत्राने भरतो, असं त्यात म्हटलं आहे. निरीक्षण देखणं आहे, पण प्रत्यक्षात घडतं त्याच्या अगदी उलट. मूत्राशयाची भिंत झिरपत नाही. तिचं आतलं अस्तर शरीरातल्या सगळ्यात पक्क्या अस्तरांपैकी एक आहे. त्याच्या वरच्या थरात छत्रीसारख्या पसरलेल्या मोठ्या पेशी असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांचे पत्रे जडवलेले असतात. मूत्रपिंडांनी रक्तातून वेचून काढलेला युरिया आणि क्षार तासन् तास या अस्तराला लागून असतात, तरी ते परत रक्तात शिरत नाहीत.

तेच अस्तर ताणलंही जातं. मूत्राशय भरू लागला की आधी आतल्या घड्या उलगडतात. मग छत्रीपेशी आपल्या आत राखून ठेवलेले आवरणाचे तुकडे पृष्ठभागावर आणून जोडतात आणि स्वतःचं क्षेत्रफळ वाढवतात. रिकामं झालं की ते तुकडे पुन्हा आत ओढले जातात. अस्तराबाहेरचा डिट्रुसर हा स्नायू मेंदूच्या सांगण्यावरून सैल राहतो. त्याचे तंतू एका दिशेने न जाता जाळीसारखे गुंतलेले असतात, त्यामुळे पुढे तो आकसतो तेव्हा सगळ्या बाजूंनी एकदम आकसतो. एवढ्या तयारीचं फळ असं की रिकाम्यापासून 300-400 मिलिलिटरपर्यंत भरताना आतला दाब 10-15 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाच्या आसपासच राहतो. साधारण 150 ते 250 मिलिलिटरला पहिली जाणीव होते, आणि 400-500 मिलिलिटरला जागा शोधायची वेळ येते.

ही जाणीव कशी होते, याचा एक महत्त्वाचा दुवा 2020 मध्ये उलगडला. पीझो2 नावाचं प्रथिन पेशी ताणली गेली की उघडतं आणि चेतातंतूंना संदेश देतं. ज्यांच्यात जन्मापासून हे प्रथिन काम करत नाही, अशा माणसांना मूत्राशय भरल्याची जाणीव नीट होत नाही. त्यांच्यातले काहीजण घड्याळ बघून लघवीला जातात. पीझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.

मूत्रपिंडांकडून लघवी आणणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या मूत्राशयात शिरतात त्या सरळ नाही, तिरक्या. भिंतीच्या आतून साधारण दीड-दोन सेंटिमीटर प्रवास करून त्या आत उघडतात. मूत्राशय भरला की आतल्या दाबाने हाच तिरका भाग चेपला जातो आणि लघवीची मागची वाट बंद होते. वेगळी झडप अशी नाहीच. काही मुलांत हा तिरका भाग जन्मतः आखूड असतो. मग लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते, सोबत जंतूही चढतात. लहान मुलाला वारंवार ताप येत असेल आणि कारण सापडत नसेल, तर डॉक्टर लघवी तपासायला सांगतात ते यासाठीही.

मूत्राशयाच्या तळाशी मान, आणि तिथून मूत्रमार्ग सुरू होतो. मानेपाशी असलेला आतला स्नायू आपल्या ताब्यात नसतो. त्याच्या खाली मूत्रमार्गाभोवती असलेला बाहेरचा स्नायू आपल्या हुकमात असतो, आणि आपण ‘धरून ठेवतो’ तो याच्या बळावर. वेळ आली की मेंदूच्या तळाशी असलेलं एक केंद्र सूत्रं हातात घेतं. लंडनचे शल्यविशारद बॅरिंग्टन यांनी 1925 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ते शोधलं. ते बाहेरचा स्नायू सैल करतं आणि डिट्रुसरला आवळायला लावतं. पण ‘आता चालेल’ ही परवानगी मेंदूच्या पुढच्या भागाकडून यावी लागते. दोन-तीन वर्षांचं मूल शिकतं ती ही परवानगी देणं आणि रोखणं. त्याला रागावून मेंदूतले हे मार्ग लवकर पक्के होत नाहीत.

पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण 18-20 सेंटिमीटर लांब आणि दोन ठिकाणी वळलेला असतो. त्याचा पहिला भाग प्रोस्टेटमधून जातो, म्हणून उतारवयात प्रोस्टेट वाढली की धार बारीक होते, कधी लघवी तुंबते. त्यापुढचा छोटासा भाग ओटीपोटाच्या तळाशी जखडलेला असतो. अपघातात कंबरेच्या खालचं हाड मोडलं तर इथेच मूत्रमार्ग फाटू शकतो. लघवीच्या वाटेवर रक्त दिसलं तर डॉक्टर लगेच लघवीची नळी घालत नाहीत, याचं कारण हे.

बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा असतो. तो योनीच्या पुढे, स्वतंत्र छिद्राने उघडतो. हे अनेक शिकलेल्या स्त्रियांनाही कुणी कधी सांगितलेलं नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. अंतर कमी आणि गुदद्वार जवळ, त्यामुळे आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंना वर चढायला फार श्रम पडत नाहीत. या जंतूंच्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाला असलेलं प्रथिन नेमकं युरोप्लाकिनलाच चिकटतं, म्हणजे ज्या पत्र्यांनी अस्तर पक्कं केलं त्यांनाच. उंदरांवरच्या प्रयोगांत ते छत्रीपेशींच्या आत शिरून लपल्याचंही दिसलं आहे. अशा जंतूंविरुद्ध शरीराचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे वाहती धार. लघवी तुंबून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्यावर मूत्रमार्गाचं अस्तरही पातळ होतं आणि तो पूर्वीसारखा घट्ट मिटत नाही.

म्हणूनच मुंबईत 2011 मध्ये सुरू झालेली ‘राइट टू पी’ मोहीम मला आरोग्याची मोहीम वाटते. पुरुषांना मुतारी फुकट, बायकांना मात्र पैसे, आणि तेही जागा सापडली तर, या अन्यायाविरुद्ध ती उभी राहिली. जागाच नसते म्हणून भाजी विकणाऱ्या, वाहतूक सांभाळणाऱ्या, एसटीने लांब जाणाऱ्या बायका सकाळपासून पाणीच कमी पितात. लघवी दाट होते, धार कमी वेळा वाहते, आणि उन्हाळी लागली की दोष उन्हाला दिला जातो.

धरून ठेवण्याची ही यंत्रणा बिघडली की काय होतं, हे मणक्याला इजा झालेल्यांकडून कळलं. मेंदूचा ताबा सुटला की मूत्राशय आवळतो त्याच वेळी बाहेरचा स्नायूही आवळतो. आतला दाब चढतो, आणि तो सतत पाण्याच्या 40 सेंटिमीटरच्या वर राहिला तर मूत्रपिंडांची हानी होऊ लागते. एके काळी असे रुग्ण अनेकदा मूत्रपिंडं निकामी होऊन दगावायचे. 1972 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडिस यांनी साधी वाटणारी गोष्ट मांडली: नळी निर्जंतुक नसली तरी स्वच्छ असावी, रुग्णाने ती स्वतः घालावी, दर काही तासांनी मूत्राशय रिकामा करून काढून टाकावी. दाब चढू न देणं हे निर्जंतुकतेपेक्षा महत्त्वाचं, हा त्यांचा विचार तेव्हा अनेकांना पटला नाही. आज जगभर हीच पद्धत आहे. पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेली शाळकरी मुलंही ती शिकतात. त्यासाठी शाळेत त्यांना कडी लागणारं स्वच्छतागृह, पाणी, साबण आणि तासाच्या मध्येही उठू देणारे शिक्षक लागतात.