तोतोरो यमदूत नाही

'माय नेबर तोतोरो' (१९८८) या जपानी अ‍ॅनिमेशनपटाबद्दलची एक अफवा दर दोन-चार महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढते: दोन बहिणींपैकी धाकटी मेई तळ्यात बुडून मेलेली, त्यांना भेटणारा जंगलातला अजब प्राणी तोतोरो म्हणजे यमदूत, आणि सगळी कथा जपानमधल्या मे १९६३च्या सायामा खून प्रकरणावर बेतलेली. पुरावा काय, तर शेवटी या दोघी मुलींच्या सावल्या गायब होतात.

चित्रपट बनवणाऱ्या स्टुडिओ घिबलीने २००७ मध्येच हे खोडून काढलंय. चित्रणाच्या दृष्टीने गरज नव्हती, म्हणून तिथे सावल्या काढल्या नाहीत, बस्स. हाताने रंगवलेल्या सेलवर (चित्राच्या पारदर्शक पत्र्यावर) सावलीचा प्रत्येक पट्टा वेगळा आखून रंगवावा लागतो. संधिप्रकाशात तो खटाटोप कशाला?

तळ्यात सापडलेली चप्पल? थोरली बहीण सात्सुकी ती बघून स्पष्ट सांगते, मेईची नाही. दोघींच्या नावांचा अर्थ 'मे महिना', हे मात्र खरं. पण मुळात नायिका एकच होती, पुढे तिच्यातूनच या दोन बहिणी केल्या, म्हणून नावांचा अर्थ एकच. पोस्टरवर तोतोरोशेजारी अजूनही एकटीच मुलगी उभी आहे, नीट बघा.

आणि श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. आई दवाखान्यातून घरी येते, मुलींसोबत अंघोळ करते. अफवा पसरवणाऱ्यांनी बहुधा तिथवर पाहिलेलंच नसतं.