‘फक्त एकच पान बदलून द्या’ : पोटगीच्या शपथपत्रासाठी येण्याआधी वाचा

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या लगत टायपिंग, झेरॉक्स आणि नोटरीची कामे करताना आमच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडणारे वाक्य हेच. शपथपत्र टाइप होते, पानापानावर सही होते, नोटरीचा शिक्का बसतो आणि दुसऱ्या दिवशी पक्षकार परत हजर. "मुलीच्या क्लासची फी राहिली, तेवढे चौथे पान बदला." आम्ही नाही म्हणतो. काहींना राग येतो, म्हणून कारण लिहूनच ठेवत आहोत.

शपथ तुम्ही संपूर्ण मजकुरावर घेता. नोटरीच्या रजिस्टरला त्या दिवशीची नोंद होते, तिथे तुमची सही असते. मधले पान काढून दुसरे घुसवले, तर ज्यावर शपथ झालीच नाही असा मजकूर शपथपत्रात येतो. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी ते पकडले, की तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्यामुळे आमच्याकडे पान बदलत नाही. शपथपत्र पुन्हा होते, शिक्का पुन्हा बसतो आणि पैसेही पुन्हा पडतात. कोर्टात दाखल झाल्यानंतर उत्पन्न बदलले किंवा नवी माहिती हाती आली, तर दुरुस्त किंवा पूरक शपथपत्र देण्याची सोय आहे. ते कधी द्यायचे हे वकीलसाहेब ठरवतील.

"एवढा लांबलचक फॉर्म कशाला, दोन पानांत बसवा ना," असेही सांगितले जाते. फॉर्म आमचा नाही. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला आणि पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर सांगायची, असा नमुनाच घालून दिला. अर्ज हिंदू विवाह कायद्याखाली असो, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली असो, की पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १४४), साधारणपणे शपथपत्र लागते. सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला, त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे मिळतात. मुद्दाम चालढकल करून दोनपेक्षा जास्त तारखा मागितल्या, तर कोर्ट त्याचा बचाव काढून टाकू शकते.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. पान बदलायची वेळ येते ती आकडे तोंडी सांगितल्यामुळे. मुलांचा खर्च विचारला की उत्तर मिळते, "लिहा पंधरा हजार." कशाचे पंधरा? मग आठवेल तसे सुरू होते: फी, व्हॅन, दप्तर, दवाखाना. त्यात वर्षाची फी महिन्याच्या रकान्यात पडते आणि जूनमधली खरेदी विसरून जाते.

हिशेब घरीच करा. समजा, शाळेची वर्षाची फी ४८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,०००. व्हॅनचे १,५०० रुपये दहाच महिने द्यावे लागतात, तर वर्षाचे १५,००० आणि महिन्याला १,२५०. वह्या-पुस्तके आणि गणवेश ९,०००, म्हणजे ७५०. एवढ्यातच ६,००० झाले, आणि प्रत्येक रुपयामागे पावती आहे. डोळे झाकून सांगितलेल्या पंधरा हजारांपेक्षा पावतीचे सहा हजार कोर्टात उभे राहतात. बाकीचे खर्च, म्हणजे किराणा, दूध, औषधे, क्लास, वेगवेगळे लिहा. औषधाच्या दुकानाची बिले फेकू नका.

नोकरदारांनी फक्त हातात येणारा पगार सांगू नये. सोसायटीचा हप्ता आणि स्वतःहून वाढवलेला भविष्य निर्वाह निधी कापून उरलेली रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि सर्व खात्यांचे स्टेटमेंट आणा. सर्व म्हणजे सर्व; पतपेढीतले खातेसुद्धा.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या मंडळींसाठी शेतीचा वेगळा नमुना आहे आणि तो आमच्याकडे मराठीत तयार आहे. त्यात जमीन बागायत की जिरायत, पिके कोणती, तीन वर्षांचे उत्पन्न, जनावरे आणि कर्ज हे सगळे विचारलेले असते. सातबारा, आठ-अ, फेरफार, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या आणि सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा सोबत हवा. सातबारा सामाईक असेल तर स्वतःचा हिस्सा विचारून या. द्राक्षाचे एक वर्ष भरघोस आणि एक गारपिटीत गेलेले असते, म्हणून तिन्ही वर्षांचे कागद आणलेत तर तुमच्याच सोयीचे आहे.

एक प्रश्न जवळजवळ रोज येतो: "ती मुलाला भेटू देत नाही, मग मी पैसे का भरू?" आणि पलीकडून, "तो पैसे देत नाही, मग मी मूल का दाखवू?" आम्ही वकील नाही, सल्ला देत नाही. पण इतके ऐकून आहोत, की कोर्ट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज, भेट नाकारली तर भेटीचा अर्ज. ताब्याच्या प्रकरणात मुलाचे हित पाहिले जाते, आणि पाच वर्षांखालचे मूल हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार सहसा आईकडे असते. याच्या पुढचे वकीलसाहेबांनाच विचारा.

आणि हो, मूल सोबत असेल तर त्याला बाहेरच्या बाकावर आजी-आजोबांपाशी बसवा. आई-वडिलांविरुद्धचा मजकूर त्याने ऐकत बसावा हे आम्हाला पटत नाही. कोणी सोबत नसेल तर मजकूर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

आमची पद्धत अशी: आधी कच्ची प्रत काढून देतो, ती घरी न्या, वकीलसाहेबांना दाखवा आणि पेनाने खुणा करून आणा. कच्च्या प्रतीतल्या दुरुस्त्यांचे पैसे घेत नाही, कितीही असोत. पक्की प्रत आणि नोटरी त्यानंतरच. फाइल आमच्याकडे राहते, त्यामुळे पुढे पूरक शपथपत्र लागले तर पुन्हा पहिल्यापासून टायपिंगचे पैसे पडत नाहीत. तारखेच्या निदान तीन दिवस आधी या. आदल्या संध्याकाळी आलात तरी काम करून देऊ, मात्र दर दीडपट लागेल आणि कच्ची प्रत इथेच बसून वाचावी लागेल.