मिळकत-परतावा

कंपनीने एका शेअरमागे वर्षभरात कमावलेल्या नफ्याला त्या शेअरच्या चालू बाजारभावाने भागले की जी टक्केवारी येते, तिला मिळकत-परतावा किंवा अर्निंग्ज यील्ड म्हणतात. बाजारभावाला प्रति शेअर मिळकतीने भागून येणाऱ्या पी/ई गुणोत्तराची ही उलटी मांडणी. पी/ई 20 असेल तर मिळकत-परतावा 5 टक्के, 10 असेल तर 10 टक्के.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात अनेक मराठी घरांची शेअरशी पहिली ओळख होते ती सहकारातून. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ यांसारखे साखर कारखाने, नागरी सहकारी बँका, गल्लोगल्लीच्या पतसंस्था यांचे सभासद होताना शेअर घ्यावा लागतो. तो दर्शनी किमतीला, म्हणजे शेअरवर नोंदलेल्या मूळ किमतीला मिळतो आणि सभासदत्व सोडताना साधारणपणे दर्शनी किमतीलाच परत जातो. वार्षिक सभेत 12 टक्के लाभांश मंजूर झाला, तर तो खरोखरच गुंतवलेल्या 100 रुपयांवर 12 रुपये असतो. या शेअरला बाजारभावच नसल्याने मिळकत-परतावा काढण्याचा प्रश्न येत नाही.

हीच सवय घेऊन डीमॅट खाते उघडले की घोटाळा होतो. सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या लाभांशाची टक्केवारीही दर्शनी किमतीवरच मोजतात, पण शेअर घेणाऱ्याने मोजलेली किंमत वेगळीच असते. समजा, दर्शनी किंमत 10 रुपये, बाजारभाव 480 रुपये आणि वर्षाची प्रति शेअर मिळकत 36 रुपये आहे. कंपनीने 80 टक्के लाभांश जाहीर केला. ऐकायला घसघशीत, पण हाती येतात 8 रुपये, म्हणजे 480 रुपयांवर पावणेदोन टक्क्यांहूनही कमी. मिळकत-परतावा मात्र 36 भागिले 480, म्हणजे 7.5 टक्के. मधले 28 रुपये कंपनीकडे राहतात. त्यातून नवी यंत्रे येतात, कर्ज फिटते किंवा नको त्या धंद्यात ते बुडतातही.

म्हणूनच हे 7.5 टक्के मुदत ठेवीच्या व्याजाशेजारी मांडताना जपावे लागते. ठेवीचे व्याज ठरलेले असते आणि खात्यात जमा होते. मिळकत भागधारकाच्या वाट्याची खरी, पण त्याच्या हातातली नव्हे, आणि पुढच्या वर्षी तेवढीच राहील याची हमी नाही. उलट महागाईच्या काळात ठेवीचा दर मुदतभर अडकून पडतो, तर चांगल्या कंपनीची मिळकत वाढू शकते. अभ्यासक तुलनेसाठी सहसा 10 वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांचा दर घेतात. मूल्याधारित गुंतवणुकीचे जनक मानले जाणारे अमेरिकी अभ्यासक बेंजामिन ग्रॅहॅम यांची कसोटी याहून कडक होती: मिळकत-परतावा उच्च प्रतीच्या कंपनी-रोख्यांच्या दराच्या दुप्पट हवा.

या मापाची खरी परीक्षा साखरधंद्यात होते. गळीत हंगाम वर्षाच्या काही महिन्यांपुरता असतो, त्यामुळे एका तिमाहीची चौपट करून वर्षाची मिळकत धरणे चूक. मागच्या चारही तिमाहींची बेरीज घ्यावी लागते. एवढे करूनही भाव आजचा आणि मिळकत कालची, हा पेच उरतोच. 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि साखर कंपन्यांचे शेअर घसरले. भाव उतरल्याने मिळकत-परतावा कागदावर वाढला, शेअर स्वस्त दिसू लागले. प्रत्यक्षात इथेनॉलची विक्री घटून पुढच्या मिळकतीलाच कात्री लागणार होती. चढउतारांच्या अशा धंद्यात 5 ते 10 वर्षांची सरासरी मिळकत धरणे अधिक शहाणपणाचे.

तोटा झाला तर पी/ईचा रकाना बहुधा रिकामा सोडतात. मिळकत-परतावा मात्र उणे आकड्यात सरळ तोटा दाखवतो, आणि कंपन्या क्रमाने लावताना हे फार सोयीचे ठरते. बेळगावात नोंदणीकृत कार्यालय असलेली श्री रेणुका शुगर्स 2010 च्या दशकात अनेक वर्षे तोट्यात होती. त्या काळातला तिचा पी/ई शोधून हाती काही लागत नाही.

कर्ज मोठे असेल तर हे माप अपुरे पडते. मग व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीच्या नफ्याला सर्व शेअरचे मिळून बाजारमूल्य आणि निव्वळ कर्ज (कर्जातून हातची रोकड वजा करून) यांच्या बेरजेने भागतात. अमेरिकी गुंतवणूकदार आणि लेखक जोएल ग्रीनब्लाट यांनी याच रूपाचा पुरस्कार केला.

निर्देशांकासाठीही हा दर काढता येतो. 31 मार्च 2021 पासून राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टी या आपल्या 50 कंपन्यांच्या निर्देशांकाच्या पी/ईसाठी उपकंपन्यांसह एकत्रित मिळकत धरायला सुरुवात केली. पी/ई सुमारे 40 वरून 33 च्या आसपास आला, म्हणजे मिळकत-परतावा अडीच टक्क्यांवरून तीनवर गेला. त्याआधीच्या आकड्यांशी आजचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.