टेंट गरम म्हणजे माती गरम? अजिबात नाही

थंडीत ग्रो टेंटमध्ये (घरात रोपं वाढवायच्या तंबूत) हीटर लावला, हवा २२ डिग्री दाखवतेय म्हणजे मिरचीचं बी उगवणारच, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. अहो, बियाला हवेचं काय पडलंय, ते मातीत आहे ना! टोरंटोच्या बेसमेंटमध्ये ट्रे थेट सिमेंटच्या फरशीवर ठेवला होता, मातीत थर्मामीटर खुपसला तर १६! ओली माती सुकताना अजून गार होते आणि खालून फरशी गारवा देतच असते. १५ डिग्रीला मिरचीला तीनेक आठवडे लागतात, २५ ते ३०ला आठ-दहा दिवस. म्हणून ट्रेखाली थर्मोकोल आणि थर्मोस्टॅटवाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) टाका, कोंब दिसले की मॅट काढा आणि लाइट जवळ आणा, नाहीतर रोपं नुसती लांबुडकी होऊन माना टाकतात.