दूरचित्रवाणीवरील विनोदाविरुद्धच्या नैतिक मोहिमा

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका, प्रहसने, नकला वा विनोदी गप्पांच्या कार्यक्रमांतील मजकूर अश्लील, धर्मनिंदक किंवा एखाद्या समाजाची मानहानी करणारा आहे असे मानून तो वगळावा, उशिराच्या वेळेत न्यावा अथवा बंद करावा, यासाठी प्रेक्षकांच्या संघटित गटांनी केलेला पाठपुरावा. पत्रे, सह्यांची निवेदने, जाहिरातदारांवरील दबाव, नियामकाकडे तक्रार आणि फौजदारी फिर्याद ही त्याची साधने होत. शासनाचे पूर्वपरिनिरीक्षण (प्रसारणाआधीची सेन्सॉर तपासणी) आणि वाहिनीची अंतर्गत कात्री यांहून या मोहिमा वेगळ्या धरल्या जातात. व्यवहारात मात्र या तिन्ही गोष्टी एकमेकींना पोसतात.

उगमाचा प्रश्न

अशा मोहिमांचा आरंभ सर्वसाधारणपणे ५ मे १९६४ या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये शाळाशिक्षिका मेरी व्हाइटहाउस आणि नोरा बकलंड यांनी ‘क्लीन अप टीव्ही’ मोहिमेची जाहीर सभा घेतली. पुढील वर्षी तिचे रूपांतर ‘नॅशनल व्ह्यूअर्स अँड लिसनर्स असोसिएशन’ या संघटनेत झाले. २००१ मध्ये संघटनेने ‘मीडियावॉच-यूके’ हे नाव घेतले. बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक ह्यू ग्रीन आणि ‘टिल डेथ अस डू पार्ट’ ही विनोदी मालिका ही तिची पहिली ठळक लक्ष्ये. मालिकेतील वंशद्वेष्ट्या नायकाच्या तोंडची शिवीगाळ संघटनेच्या कार्यकर्त्या भागागणिक मोजून लिहून ठेवत. शब्दांची मोजदाद हे तंत्र पुढे जगभर पसरले. त्यातली उणीवही तिथेच दिसून आली. लेखकाला त्या पात्राचा द्वेष हास्यास्पद करून दाखवायचा होता आणि मोजणीच्या वहीत हेतूसाठी रकाना नव्हता.

१९६४ ही सीमारेषा सर्वांना मान्य नाही. अमेरिकेत १२ डिसेंबर १९३७ रोजी एनबीसी रेडिओवरील एका विनोदी कार्यक्रमात अभिनेत्री मे वेस्ट यांनी आदम-ईव्हचे प्रहसन सादर केले. त्यावर कॅथलिक गटांनी पत्रांचा भडिमार केला, संघराज्य दळणवळण आयोगाने वाहिनीला खरमरीत पत्र धाडले आणि वेस्ट यांचा आवाज रेडिओवरून बराच काळ नाहीसा झाला. चित्रपटांविरुद्ध १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘लीजन ऑफ डीसेन्सी’चीच ही शाखावाढ होती, असे या मताचे लोक म्हणतात. तिसरे मत बीबीसीच्या अंतर्गत नियमपुस्तिकेकडे बोट दाखवते. १९४८-४९ च्या सुमारास मायकेल स्टँडिंग यांनी विनोदी कार्यक्रमांच्या निर्मात्यांसाठी ही हिरव्या पुठ्ठ्याची पुस्तिका तयार केली. शौचालये, मधुचंद्राची जोडपी, बायकांची अंतर्वस्त्रे, पुरुषांतील बायकीपणा, फिरते विक्रेते आणि सशांच्या सवयी यांवरील विनोद तिने वर्ज्य ठरवले. बाहेरून तक्रार येण्याआधीच संस्थेने तक्रारदाराची नजर आत्मसात केली होती, याचा हा पुरावा होय.

तिन्ही मतांत १९३७ चा प्रसंग पूर्वपीठिका म्हणून आणि १९६४ ची सभा आरंभ म्हणून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. कायमचे सदस्यत्व, नियमित निरीक्षण आणि नियामकाकडे सातत्याने पाठपुरावा ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळतात ती १९६४-६५ नंतरच.

गोव्याबाबतही (तेथील मोहिमांविषयी पुढे पाहा) असाच एक वाद आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातील चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानाने लग्नातील ओव्यांसह अनेक रूढींवर बंदी आणली, आणि पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत छापील मजकुरावर पूर्वपरिनिरीक्षण होते. हाच धागा आजच्या मोहिमांपर्यंत ओढावा असे काहींना वाटते. प्रस्तुत नोंदीत तो ओढलेला नाही. वरून आलेली बंदी आणि प्रेक्षकांतून उठलेली तक्रार यांच्या प्रेरणा भिन्न असतात. दोन्ही एका माळेत ओवल्या तर दुसरीचे म्हणणे ऐकूनच घेतले जात नाही.

संख्या आणि परिणाम

१९७७ मध्ये ‘सोप’ ही विनोदी मालिका सुरू होण्याआधीच अमेरिकेतील एबीसी वाहिनीकडे सुमारे ३२,००० पत्रे आली. त्यांतील जेमतेम नऊ अनुकूल होती. पत्रलेखकांपैकी बहुतेकांनी एकही भाग पाहिलेला नव्हता. मालिका ठरल्याप्रमाणे सुरू झाली आणि १९८१ पर्यंत चालली. याउलट न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी जॉर्ज कार्लिन यांचे शिवराळ शब्दांवरील स्वगत लावले, त्यावर एकाच श्रोत्याने तक्रार केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी आयोगाचा अधिकार मान्य झाला. हाच निकाल पुढे तेथील रेडिओ व दूरचित्रवाणीवरील अशिष्ट मजकुराच्या वेळेच्या नियमाचा आधार ठरला. ही एक तक्रार टिकली, कारण तिच्यात केंद्र, तारीख, वेळ आणि ‘दुपारी मूल सोबत असताना ऐकले’ ही हानी नेमकी मांडलेली होती.

१९८९ मध्ये मिशिगनमधील एका गृहिणीने ‘मॅरीड... विथ चिल्ड्रन’ या मालिकेच्या जाहिरातदारांना पत्रे लिहिली. काही जाहिरातदार मागे हटले, पण मालिकेचा प्रेक्षकवर्ग त्या गाजावाजाने वाढला. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००८ मध्ये बीबीसी रेडिओवरील दोन विनोदवीरांनी एका वृद्ध नटाच्या उत्तरयंत्रावर अभद्र निरोप ठेवले. प्रसारणानंतर आठवडाभर तक्रारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. वृत्तपत्रात बातमी येताच त्या ३० हजारांवर गेल्या. ऑफकॉम या ब्रिटिश प्रसारण नियामकाने १,५०,००० पौंडांचा दंड केला, तो मात्र त्या वृद्धाच्या व त्याच्या नातीच्या खासगीपणाच्या भंगासाठी आणि अपमानास्पद मजकुरासाठी. तक्रारींच्या आकड्यासाठी दंड झाला नाही.

भारतातील नियम

केबल दूरचित्रवाणी जाळी (विनियमन) अधिनियम, १९९५ च्या कलम ५ अन्वये कोणताही कार्यक्रम कार्यक्रम संहितेला धरून असावा लागतो. ही संहिता १९९४ च्या नियमांतील नियम ६ मध्ये आहे. विनोदी कार्यक्रमांविरुद्ध तिचे पाच खंड मुख्यत्वे वापरले जातात : (अ) सुरुची व सभ्यतेला बाधा, (क) धर्म वा समुदायांवर हल्ला, (ड) अश्लील, बदनामीकारक, सूचक कुजके बोल व अर्धसत्ये, (ट) स्त्रियांची अवहेलना, आणि वांशिक, भाषिक व प्रादेशिक गटांचे चित्रण निंदाव्यंजक, उपरोधिक वा तुच्छतादर्शक वृत्तीने करणे. हा शेवटचा खंड इंग्रजी पाठात ‘एम’ अक्षराचा आहे. खंडांची मराठी अक्षरे भाषांतरागणिक बदलतात. म्हणून तक्रारीत इंग्रजी क्रम देऊन पुढे खंडाचा आशय लिहिणे सुरक्षित.

मनोरंजन वाहिन्यांच्या संघटनेने जून २०११ मध्ये ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल ही तक्रार-परिषद स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष न्या. अजित प्रकाश शाह होते. संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कार्यक्रम ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘आर’ म्हणजे मर्यादित अशा दोन गटांत पडतात. ‘आर’ गटासाठी रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ आहे. १७ जून २०२१ च्या दुरुस्तीने त्रिस्तरीय रचना नियमांतच आली : वाहिनी, स्वयंनियमन संस्था आणि केंद्र शासनाची आंतरविभागीय समिती. केबल अधिनियमाच्या भंगासाठीची कैद २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने काढून टाकली. तिच्या जागी समज, ताकीद व आर्थिक शास्ती आली.

फौजदारी मार्ग स्वतंत्र आहे. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याचे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत २९५-अ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ झाले. याच जुन्या कलमाखाली जानेवारी २०१६ मध्ये विनोदी नट कीकू शारदा यांना एका पंथप्रमुखाची दूरचित्रवाणीवर नक्कल केल्याबद्दल हरियाणा पोलिसांनी अटक केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये एका विनोदी वेब-कार्यक्रमातील ‘हालेलुया’ या शब्दाच्या थट्टेवरून पंजाबात गुन्हा नोंदला गेला. संबंधितांपैकी काहींनी मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांची भेट घेऊन माफी मागितली. मराठीत २०२० मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ मध्ये राजपुरुषांच्या छायाचित्रात नटांचे चेहरे बसवल्याचा वाद सूत्रसंचालकाच्या जाहीर माफीने मिटला. फौजदारी कलमात ‘हेतुपुरस्सर व द्वेषमूलक’ हेतू सिद्ध करावा लागतो, कार्यक्रम संहितेखालील तक्रारीत तसे नाही. म्हणून मजकूर हटवणे किंवा माफी एवढेच हवे असेल, तर पोलीस स्थानक ही पहिली पायरी असू नये.

मजकूर कोणाच्या नजरेने तपासायचा, याचा भारतीय मापदंड १९८८ च्या रमेश विरुद्ध भारत सरकार या खटल्यात स्पष्ट झाला. तो खटला दूरदर्शनवरील फाळणीविषयक मालिकेचा होता. परिणाम समंजस, खंबीर मनाच्या व्यक्तीवर काय होईल ते पाहावे, प्रत्येक विरोधी विचारात धोका हुंगणाऱ्याच्या नजरेने नव्हे, हा न्या. व्हिव्हियन बोस यांचा जुना दंडक सर्वोच्च न्यायालयाने तिथे उचलून धरला. विनोदाला हा दंडक जास्त जपतो.

गोव्यातील संदर्भ

गोव्यात मुंबईहून येणाऱ्या मराठी व हिंदी वाहिन्या आणि स्थानिक कोकणी-मराठी वाहिन्या शेजारी शेजारी पाहिल्या जातात. आक्षेपही दोन प्रकारचे उठतात. पहिला देवदेवता, संत व चर्चविधी यांच्या विडंबनाचा. हिंदू जनजागृती समितीसारख्या संघटना जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, वाहिनीला निषेधपत्रे आणि प्रसंगी पोलिसांत तक्रार या क्रमाने अशा मोहिमा चालवतात. दुसरा आक्षेप गोंयकाराच्या चित्रणाचा, आणि तो धर्मांच्या पलीकडे सगळ्यांना जोडणारा आहे. फुलाफुलांचा सदरा, हातात बाटली, मोडकी हिंदी, नाव पेद्रो. बाई असेल तर झगा आणि सैल चारित्र्य. हिंदी विनोदाने हा साचा दशकानुदशके वापरला. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला हिणवण्यासाठी रूढ झालेला ‘मकापाव’ हा शब्द (बहुधा ‘म्हाका पाव’ वरून) याच साच्याचा वडीलधारा. २०११ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या संवादात गोव्याची दारू आणि स्त्रिया या दोहोंना स्वस्त म्हटले गेले, तेव्हा राज्यभर निषेध झाला. असा संवाद दूरचित्रवाणीवर आला, तर वर सांगितलेला प्रादेशिक गटांचा खंड आणि स्त्रियांच्या अवहेलनेचा खंड दोन्ही लागू होतात.

प्रादेशिक गटांचा हाच खंड उलट दिशेनेही लागतो. राज्याच्या सीमेपलीकडून आलेल्या मजुराला ‘घाटी’ म्हणून हसणारे प्रहसन स्थानिक वाहिनीवर दाखवले, तर तेही त्याच निकषात बसते. आपल्यावरील विनोद खुपतो तेव्हा दुसऱ्यावरचाही तपासला पाहिजे.

रंगमंचाला ही कार्यक्रम संहिता लागत नाही. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातील राजकारण्यांची खिल्ली उडवणारी कांतारां (गाणी), दशावतारी काल्यातील संकासूर, कार्निव्हलचे खेळ आणि शिमग्यातील मोकळे शब्द यांना गावाने स्वतःची मर्यादा घालून दिलेली असते : ठरलेले दिवस, ठरलेला मांड (खेळ-विधींची गावातील जागा), ओळखीचे प्रेक्षक. कोणी दुखावला तर कलाकार समोरच सापडतो. दूरचित्रवाणीवर मांड नाही आणि दिवसही नाही. ‘रात्री ११ नंतर’ हा नियम म्हणजे ती हरवलेली वेस घड्याळाने पुन्हा आखण्याचा प्रयत्न होय. त्याच तियात्राचे चित्रीकरण केबलवर दाखवले की ते संहितेच्या कक्षेत येते.

तक्रारीची रीत

वाहिनी कोणत्या प्रकारची आहे हे आधी ठरवावे. मनोरंजन वाहिनीची तक्रार वरील कौन्सिलच्या वाटेने जाते, वृत्तवाहिनीवरील उपहासाची वृत्तवाहिन्यांच्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे. केबलचालकाच्या स्थानिक वाहिनीसाठी प्राधिकृत अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी वा उपविभागीय दंडाधिकारी, हे योग्य ठिकाण. वेब-मालिकांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात. पत्ता चुकला की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो आणि मुदती निघून जातात.

अर्जात वाहिनी, कार्यक्रम, तारीख, मिनिटासह वेळ, मूळ प्रसारण की पुनःप्रसारण, आक्षेपार्ह वाक्य जसेच्या तसे, त्याच्या मागची-पुढची दोन-तीन वाक्ये, संहितेचा खंड आणि नेमकी मागणी असावी. मागणी अधिकारकक्षेतली हवी : पुनःप्रसारणातून दृश्य वगळणे, पडद्यावर माफीची पट्टी, सूचनापाटी. ‘कार्यक्रम कायमचा बंद करा’ अशी मागणी स्वयंनियमन संस्थेकडे केली, तर ती तिच्या अधिकाराबाहेर ठरते.

वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्यानंतर १५ दिवसांत अपील, अपिलावर ६० दिवसांत निर्णय, पुढे १५ दिवसांत केंद्राकडे. वाहिन्यांना चित्रीकरण ९० दिवस जपावे लागते. उत्तर, अपील आणि अपिलावरील निर्णय या तीन मुदतींची बेरीज बरोबर ९० दिवस होते. म्हणजे प्रत्येक टप्पा शेवटच्या दिवसापर्यंत लांबला, तर निर्णयाच्या वेळी मूळ चित्रीकरण जपण्याचे बंधन संपलेले असू शकते. म्हणून पहिल्याच अर्जात ‘हा भाग निकालापर्यंत जतन करावा’ ही ओळ घालावी आणि अपील मुदतीची वाट न पाहता करावे.

सर्वाधिक तक्रारी फसतात त्या व्हॉट्सअॅपवरून आलेल्या तुकड्यावर विसंबल्याने. त्यात प्रसंगाचा आगापिछा कापलेला असतो, कधी आवाज बदललेला, कधी चार वर्षांपूर्वीचा भाग कालचा म्हणून फिरवलेला. पूर्ण भाग न पाहता केलेल्या अर्जाला वाहिनी पहिल्याच उत्तरात संदर्भ दाखवून मोकळी होते. दुसरी चूक छापील मसुद्यावर नावे बदलून शेकडो प्रती पाठवण्याची. शंभर प्रतींतून निर्णयकर्त्याला एकच मुद्दा मिळतो. त्याऐवजी तीन-चार प्रेक्षकांनी आपापल्या शब्दांत वेगवेगळी हानी मांडली, उदाहरणार्थ अपंग मुलाच्या पालकाने, परिचारिकेने, गावातल्या शिक्षकाने, तर प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे वाचावा लागतो. कोकणी वा पोर्तुगीज शब्दावरचा श्लेष असेल तर त्याचा अर्थ आणि गोव्यातील वापर अर्जातच समजावून द्यावा, कारण तक्रार वाचणाऱ्याला ‘मकापाव’ हा खाद्यपदार्थ वाटण्याचा संभव असतो.